फसलेल्या चार प्रयत्नांचे काय करायचे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

पुण्यातील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव लिहितात: आमच्या सोसायटीत तीन इमारती आणि शंभराच्या आसपास घरे आहेत. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा व्हावा, यासाठी मी दोन वर्षांहून अधिक काळ झटते आहे. सुरुवातीला रविवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये व्याख्यान ठेवले, कचरा डेपोची चित्रफीत दाखवली आणि प्रत्येक घराला हिरवी व निळी अशा दोन बादल्या दिल्या. पहिला महिना फार छान गेला, पुढे सगळे पुन्हा मूळ पदावर आले. मग मी दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘निम्म्याहून अधिक घरे अजूनही कचरा वेगळा करत नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे’ असा संदेश टाकू लागले. त्याचाही उपयोग झाला नाही. नंतर समितीने शंभर रुपये दंड ठरवला आणि त्याच महिन्यापासून मिश्र कचऱ्याच्या पिशव्यांची छायाचित्रे घराच्या क्रमांकासह गटावर टाकायला सुरुवात केली. दंडाबद्दल एक सदस्य म्हणाले, ‘वर्षाचा एकदम भरतो, रोजची कटकट नको.’ छायाचित्रांवरून भांडणे झाली, दोन कुटुंबे आता आमच्याशी बोलत नाहीत, आणि माझ्या पाठीमागे माझा उल्लेख ‘कचरेवाल्या बाई’ असा होतो, हे मला मुलीकडून कळले. कामाच्या बायकांना सांगून काही उपयोग होत नाही. सकाळी हाउसकीपिंगचा मुलगा ड्रम घेऊन मजल्यावर येतो, तोही वैतागलेला असतो. खताचा खड्डा दुर्गंधीमुळे बंद ठेवावा लागला आहे. समितीतले सहकारी म्हणतात, ‘लोक सुधारणार नाहीत, सोडून द्या.’ मला मात्र वाटते की एकदा कठोर व्हावे आणि मिश्र कचरा देणाऱ्यांचा कचरा उचलणेच बंद करावे. माझे काय चुकते आहे? की माणसे बदलतच नाहीत?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेजाऱ्यांनी पाठीमागे ठेवलेले नाव मुलीच्या तोंडून ऐकावे लागणे फार बोचणारे असते, आणि त्यानंतरही तुम्ही ‘माझे काय चुकते आहे’ असे विचारता आहात, याबद्दल मला तुमच्याविषयी मनापासून आदर वाटतो. तुम्ही मागता आहात ती गोष्ट रास्त आहे. केंद्र शासनाच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा ठेवणे बंधनकारक केले, आणि कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांनी पुण्याच्या मिश्र कचऱ्याची दुर्गंधी आणि नासलेले पाणी किती वर्षे सोसले, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे तुमचा हेतू बरोबर आहे का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत असे तुम्हाला वाटते, एक सोडून देण्याची आणि दुसरी कठोर होण्याची. मला मात्र या दोन्ही वाटा एकाच समजुतीतून निघालेल्या दिसतात. दोष लोकांच्या वृत्तीत आहे, ही ती समजूत. सहकारी म्हणतात वृत्ती बदलणार नाही, तुम्ही म्हणता ती वाकवावी लागेल. पण दोष खरोखर तिथेच आहे का, याची तपासणी दोन वर्षांत झालेली मला तुमच्या पत्रात दिसली नाही, आणि ती करण्याचे उत्तम साधन म्हणजे तुमचे हेच चार फसलेले प्रयत्न आहेत.

एकेका प्रयत्नामागे काय गृहीत धरले होते ते पाहा. लोकांना माहीत नाही, असे व्याख्यानामागे गृहीत होते. साप्ताहिक संदेशामागे गृहीत होते की माहीत आहे, पण लाज वाटत नाही. दंडामागे, खिशाला झळ बसत नाही. छायाचित्रांमागे, चारचौघांचा धाक नाही. चारही वेळा औषध बदलले, पण निदान एकच राहिले, ते म्हणजे बिघाड माणसांच्या मनात आहे. विळीवर निघालेले भोपळ्याचे साल ओट्यापासून महापालिकेच्या गाडीपर्यंत कोणकोणत्या हातांतून जाते आणि नेमके कोणत्या टप्प्यावर ते चिप्सच्या पाकिटाला जाऊन मिळते, हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य माझ्या मते ‘पहिला महिना फार छान गेला’ हे आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे, जणू तो महिना खोटा होता आणि नंतरचे महिने खरे. माझे मत उलट आहे. त्या महिन्यात तुमच्या शेजाऱ्यांनी दाखवून दिले की त्यांना ओले-सुके कळते, त्यांच्याकडे बादल्या आहेत, आणि एवढी तसदी घेण्याची त्यांची तयारीही आहे. अज्ञान, आळस आणि बेपर्वाई ही तिन्ही कारणे या एका महिन्याने बरीचशी बाद केली. म्हणजे त्या महिन्याच्या अखेरीस असे काहीतरी घडले, ज्यामुळे लोकांनी सुरू केलेले काम थांबवले. जे कधी सुरूच झाले नाही आणि जे सुरू होऊन थांबले, ही दोन अपयशे सारखी नसतात, आणि त्यांवरचे उपायही सारखे असू शकत नाहीत.

काय घडले असावे? मला दुरून खात्रीने सांगता येणार नाही, पण तुमच्या एका वाक्यापाशी मी थांबले: ‘हाउसकीपिंगचा मुलगा ड्रम घेऊन मजल्यावर येतो.’ तुम्ही एकच ड्रम लिहिला आहे. तो खरोखर एकच असेल, तर दारात उभ्या राहून हिरवी आणि निळी बादली देणाऱ्या गृहिणीने काय पाहिले असेल याची कल्पना करा. तिने साली वेगळ्या ठेवल्या, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही बादल्या एकाच ड्रममध्ये उपड्या झाल्या. त्यानंतर तिने वर्गीकरण थांबवले असेल, तर त्याला मी बेशिस्त म्हणणार नाही. आपल्या कष्टांचे पुढे काय होते ते पाहून तिने काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे. शंभर व्याख्याने झाली तरी दररोज सकाळी दारात मिळणारा हा धडा पुसला जाणार नाही. आणि त्या मुलाचा वैतागही समजून घ्या. त्याला तीन इमारतींचे सगळे मजले ठरावीक वेळेत उरकायचे असतात, लिफ्टमध्ये दोन ड्रम एका वेळी मावतात की नाही कोण जाणे, आणि त्याच्या कंत्राटात वर्गीकरणाचा शब्द तरी आहे का, हे समितीने कधी पाहिले आहे का?

दुसरे वाक्य कामाला येणाऱ्या बायकांविषयीचे. त्यांना सांगून उपयोग होत नाही असे तुम्ही म्हणता, पण रविवारी संध्याकाळच्या व्याख्यानाला त्यांच्यापैकी कोणी होत्या का? आपल्याकडच्या बहुसंख्य मध्यमवर्गीय घरांत ओट्यावरचा कचरा घरमालकापेक्षा कामाला येणाऱ्या मावशीच अधिक हाताळतात. सकाळी दहाच्या सुमारास स्वयंपाकघरात काय चालते ते एकदा उभे राहून पाहा. सिंकखालच्या कपाटात एकच डबा असतो, कारण दुसरी बादली तिथे मावत नाही म्हणून ती सुक्या बाल्कनीत गेलेली असते. मावशींच्या एका हातात चहाचा चोथा आणि कोथिंबिरीच्या काड्या असतात, दुसऱ्या हातात कापलेली दुधाची पिशवी असते, आणि पुढच्या घरी पोहोचायला त्यांना आधीच उशीर झालेला असतो. बाल्कनीपर्यंत जाऊन यायची पाच-सहा पावले तुम्हाला क्षुल्लक वाटतील. पण चार घरची कामे उरकणाऱ्या बाईसाठी ती दिवसभरात कितीतरी वेळा पडणारी जास्तीची पावले आहेत, आणि ती का टाकायची हे तिला कोणी सन्मानाने बसवून सांगितलेले नाही. तुम्ही ज्यांच्या सवयी बदलायला निघालात आणि ज्यांच्या हातून प्रत्यक्ष काम होते, ती माणसेच वेगळी होती.

आता छायाचित्रांविषयी, कारण मला वाटते तिथे नुकसान सर्वांत जास्त झाले आहे. कचऱ्याची पिशवी हा घराचा फार खासगी ऐवज असतो. तिच्यात औषधांची रिकामी पाकिटे असतात, मासिक पाळीची पॅड असतात, आजोबांचे डायपर असतात, एखाद्या घरात दारूची बाटली असते, कुणाच्या बँकेची पत्रे असतात. सगळे एकत्र करून काळ्या पिशवीत करकचून बांधले की ते झाकले जाते. वेगळे केले की उघडे पडते. म्हणजे वर्गीकरण मागताना आपण नकळत लोकांना त्यांची झाकली मूठ उघडायला सांगत असतो. त्यातच पिशव्या उघडून छायाचित्रे काढली जातात हे कळल्यावर माणूस काय करेल? तो पिशवी आणखी घट्ट बांधेल, रात्री उशिरा खाली नेऊन टाकेल, नाहीतर ऑफिसला जाताना कोपऱ्यावर फेकेल. तुमच्या शेजाऱ्यांपैकी काहींचा राग शिस्तीवर नसून या उघडेपणावर असेल, अशी मला दाट शंका आहे. पुण्यात कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या आपल्या संघटनेमार्फत आणि तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत या अडचणीवर एक साधी वाट सुचवली आहे: वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडून पाहावे लागत नाही आणि देणाऱ्या बाईलाही संकोच वाटत नाही. हा मार्ग रोज कचऱ्यात हात घालणाऱ्यांकडून आला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

साप्ताहिक संदेशाबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले तुकडे पर्यटक खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटांवर खूण केलेले तुकडे ठेवून दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेक पर्यटकांनी तुकडे नेले आणि उद्यानाची हानी झाली’ अशा आशयाची पाटी होती तिथून जवळपास 8 टक्के तुकडे गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढेच सांगणारी पाटी होती तिथून 2 टक्क्यांहूनही कमी. बहुतेक लोक चुकतात असे सांगितले की ऐकणाऱ्याला ती चूक सर्वमान्य वाटू लागते. तुम्ही दर आठवड्याला लिहीत होता की निम्म्याहून अधिक घरे कचरा वेगळा करत नाहीत. नियमाने वेगळा करणाऱ्या घरांनीही तेच वाचले.

दंडाची गोष्ट मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण तुम्ही आता दंडाच्या पुढची पायरी चढू पाहता आहात. इस्रायलमधील हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांचा एक अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केला. काही पालक मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकांना थांबावे लागे. दहापैकी सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिराला 10 शेकेल दंड लावला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती, पण उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढत जाऊन पूर्वीच्या जवळपास दुप्पट झाली. दंड नव्हता तेव्हा पालकांच्या मनात शिक्षिकेला खोळंबून ठेवल्याची टोचणी होती. दंड आला आणि ती टोचणी दहा शेकेलमध्ये फिटू लागली. तुमच्या सोसायटीतले ‘वर्षाचा एकदम भरतो’ म्हणणारे गृहस्थ हेच सांगत आहेत, आणि त्यांनी ते इतक्या स्पष्टपणे सांगितले याबद्दल त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी तुम्हाला तुमच्या उपायाचा दोष समोरासमोर दाखवून दिला आहे. या अभ्यासाचा शेवटचा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो, पण तुमच्यासाठी तोच अधिक कामाचा आहे. काही आठवड्यांनी दंड रद्द केला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर उतरला नाही. पैशाचा व्यवहार संपला, पण त्याआधीचा संकोच परतला नाही. म्हणून उद्या तुम्ही दंड मागे घेतलात तर सगळे आपोआप पूर्ववत होईल, असे समजू नका. जे मोडले ते वेगळ्या मार्गाने पुन्हा जोडावे लागेल.

आणखी एक गोष्ट, जी अशा कामात फार वेळा होते. दंड आणि छायाचित्रे तुम्ही एकाच महिन्यात सुरू केलीत. त्यामुळे भांडणे कशामुळे झाली, पिशव्या कशामुळे जास्त घट्ट बांधल्या जाऊ लागल्या, आणि कदाचित थोडी सुधारणा झालीच असेल तर ती कशामुळे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. उतावीळपणे दोन-तीन उपाय एकदम केले की अपयशही आपल्याला काही शिकवू शकत नाही. अपयश उपयोगी पडावे असे वाटत असेल तर एका वेळी एकच बदल करावा आणि तोही आधी छोट्या जागेत करून पाहावा, यावर माझा ठाम विश्वास आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. 1990 च्या दशकात आपल्या खेड्यांत अनुदानातून वैयक्तिक शौचालये मोठ्या प्रमाणावर बांधली गेली. कागदावर आकडे उत्तम होते. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी त्या खोल्यांत सरपण, गोवऱ्या आणि कोंबड्या दिसत. ‘लोकांना सवय नाही, लोक अडाणी आहेत’ असे म्हणून तो विषय बंद करता आला असता, आणि बरेच जण तसे म्हणतही होते. पण हंड्याने पाणी आणणाऱ्या बाईला घरातल्या शौचालयासाठी आणखी एक खेप का परवडत नाही, खड्डा भरल्यावर तो उपसणार कोण ही भीती किती खरी आहे, आणि बांधकामाचा निर्णय घेताना घरातल्या बायकांना कोणी विचारले होते का, हे प्रश्न काही अधिकाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी विचारले. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने एकेका कुटुंबाच्या अनुदानावरून लक्ष काढून सगळ्या गावाच्या स्वच्छतेकडे वळवले. हे मागच्या अपयशातून आलेले शहाणपण होते. तेही पुरेसे ठरले नाही. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार मिळवलेली काही गावे सत्कार आटोपल्यावर पुन्हा मागे घसरली, कारण पुरस्काराच्या दिवसानंतर पाणी आणि देखभाल कोण पाहणार हे ठरलेले नव्हते. उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना लाजवण्यासाठी पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ तुम्हाला आठवत असतील. जिथे घरी शौचालय आणि पाणी दोन्ही होते तिथे त्यांचा काही उपयोग झाला असेल. जिथे नव्हते तिथे बायकांनी आणखी अंधारात, आणखी दूर जायला सुरुवात केली. तुमची छायाचित्रे पाहताना मला त्या शिट्ट्या आठवल्या, हे मी कटुतेने लिहीत नाही. चांगल्या हेतूने केलेली लाज-मोहीम बहुधा सर्वांत अडलेल्या माणसालाच आधी गाठते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे येते. कचरा उचलणे बंद करणे मला सर्वथा अयोग्य वाटते. उचलला न गेलेला कचरा घरात थांबत नाही. तो जिन्यात, शेजारच्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या कोपऱ्यावर जातो आणि तिथून तो महापालिकेच्या सफाई कामगाराला हाताने उचलावा लागतो. ज्यांच्यासाठी आपण हे सगळे करतो असे म्हणतो, त्यांच्याच वाट्याला त्याची शिक्षा येते. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरातला कचरा तीन दिवस पडून राहिला तर त्याचे उत्तर समितीकडे नसेल. सोडून देण्याच्या पर्यायाला मी इतक्या झटकन नाकारणार नाही. दोन वर्षे धावल्यावर थांबण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि थकलेल्या माणसाच्या सांगण्यात जो त्रागा उतरतो तो समोरच्याला लगेच जाणवतो. म्हणून थांबा, पण महिनाभरासाठी, आणि त्या महिन्यात कोणालाही काही सांगू नका, फक्त पाहा.

काय पाहायचे? एका सकाळी, त्या मुलाची परवानगी घेऊन, त्याच्याबरोबर वरच्या मजल्यापासून तळापर्यंत जा. कोणाच्या घराचा क्रमांक लिहू नका. कचरा कोणत्या टप्प्यावर एकत्र होतो एवढेच वहीत लिहा. घरातच एकत्र असतो, ड्रममध्ये होतो, तळाशी ठेवलेल्या मोठ्या पिंपात होतो, की गाडीत? ही चार ठिकाणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. मग अशी काही घरे शोधा जी आजही नियमाने कचरा वेगळा देतात. ती नक्की आहेत, कारण तुमच्याच संदेशाप्रमाणे जवळजवळ निम्मी घरे अजून टिकून आहेत. त्यांचे कौतुक करायला नव्हे, त्यांची रीत समजून घ्यायला जा. दुसरी बादली त्यांनी कुठे ठेवली आहे, दुधाच्या पिशव्या कुठे वाळवतात, मावशींना कोणी आणि कसे सांगितले, पाहुणे आले की काय करतात. त्यानंतर सर्वांत अवघड भेट घ्या: पहिल्या महिन्यात करून नंतर थांबलेल्या दोन-तीन घरांची. ‘तुम्ही का करत नाही’ असे विचारले की माणूस सबब सांगतो. ‘कोणत्या दिवशी, काय झाल्यावर थांबलात ते आठवते का’ असे विचारले तर बहुधा प्रसंग सांगतो, आणि तुम्हाला प्रसंगच हवा आहे. उत्तर ऐकताना खोडून काढण्याचा मोह आवरणे जड जाईल, विशेषतः समोरची व्यक्ती तुमच्यावरच ठपका ठेवत असेल तेव्हा.

छायाचित्रे गटावरून काढून टाका आणि तसे जाहीर करा. लांबलचक खुलासा नको. असे काहीसे पुरेल: ‘कचऱ्याच्या पिशव्यांची छायाचित्रे यापुढे काढली जाणार नाहीत, आणि टाकलेली छायाचित्रे काढून घेतली आहेत. त्यामुळे ज्यांना त्रास झाला त्यांची समिती दिलगीर आहे. कचरा वेगळा ठेवताना घरात नेमकी कोणती अडचण येते हे समजून घेण्यासाठी येत्या महिन्यात आम्ही भेटणार आहोत.’ न बोलणाऱ्या दोन कुटुंबांकडे मात्र संदेशावर विसंबू नका. स्वतः जा, आणि कचऱ्याचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका.

महिन्यानंतर जे सापडेल त्यावरून एकच बदल निवडा आणि तो तीनपैकी एकाच इमारतीत करून पाहा. ड्रम हाच अडथळा निघाला तर त्या इमारतीसाठी दुसरा ड्रम आणि त्या मुलाला वाढीव वेळ किंवा मोबदला द्या. ज्या कामाने सोसायटीची अडचण सुटते ते फुकट करून घेऊ नका. अडथळा स्वयंपाकघरात असेल तर मोठ्या बादलीऐवजी ओट्यावर मावेल असे झाकणाचे छोटे भांडे सुचवा आणि मावशींना त्यांच्या सोयीच्या वेळी, चहा देऊन, बसून बोलण्यासाठी बोलवा. त्यांच्याकडून अशा सूचना येतील ज्या समितीला सुचणार नाहीत. अपेक्षाही थोड्या आवरा. सुका, ओला, घातक, ई-कचरा हे सगळे एकदम न मागता फक्त ओला कचरा स्वच्छ येऊ द्या. आपल्या शहरी घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओलाच असतो, आणि तो स्वच्छ आला की सुका आपोआप कोरडा राहतो. खड्ड्याची दुर्गंधी बहुतेक वेळा ओलावा जास्त आणि वाळका पालापाचोळा कमी पडल्याने, हवा न खेळल्याने येते. तो दोष दुरुस्त करून खड्डा पुन्हा सुरू झाला आणि त्यातले खत आवारातल्या झाडांना घातलेले लोकांनी पाहिले, तर आपल्या सालींचे पुढे काय होते हे दाखवायला दुसरी चित्रफीत लागणार नाही.

तो बदल सुरू करण्याआधी वहीत चार ओळी लिहा, आणि हे मी केवळ तुम्हाला सांगत नाही. शाळेत मुलांची उशिरा येण्याची सवय मोडू पाहणारे मुख्याध्यापक, तंबाखू सोडा म्हणून घरोघर फिरणाऱ्या आशाताई, वडिलांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात म्हणून जिवाचा आटापिटा करणारी मुलगी, या सगळ्यांना मी हेच सांगेन. अडचण नेमकी कुठे आहे असे आपल्याला वाटते? या बदलाने काय घडेल अशी अपेक्षा आहे? किती दिवसांनी पाहायचे? आणि काय दिसले तर आपला अंदाज चुकला असे मानायचे? ही शेवटची ओळ आधी लिहून ठेवली नाही, तर नंतर आपण अपयशाचे खापर नेहमी समोरच्याच्या माथी फोडतो. तो माणसाचा स्वभावच आहे. वडिलांच्या गोळ्यांच्या बाबतीत ती मुलगी ‘बाबा ऐकतच नाहीत’ असे वर्षभर म्हणत राहते, आणि गोळ्यांनी पोटात जळजळते म्हणून ते त्या चुकवतात हे एके दिवशी डॉक्टरांपुढे बाहेर येते.

माणसे बदलतात का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच सोसायटीने पहिल्या महिन्यात दिले आहे. सगळी बदलणार नाहीत, हेही खरे. काही घरे सगळे अडथळे दूर केल्यावरही मिश्र पिशवीच देतील. त्यांच्यासाठी वेगळा ड्रम ठेवा, म्हणजे त्यांच्यामुळे इतरांचा स्वच्छ ओला कचरा बिघडणार नाही, आणि काही महिने त्यांच्यावरून लक्ष काढून घ्या. तुमची बहुतेक शक्ती आजवर याच मोजक्या घरांवर खर्च झाली, तर टिकून राहिलेल्यांकडे आणि थांबलेल्यांकडे कोणी वळून पाहिले नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागतेच. तोवर एका इमारतीतला प्रयोग पूर्ण होईल असे पाहा आणि विषयपत्रिकेत तो मांडा. सभेकडे जादा अधिकार किंवा वाढीव दंड मागू नका. दंडाचा ठराव स्थगित ठेवण्याची सूचना तुम्हीच करा. मागायचेच तर उरलेल्या दोन इमारतींसाठी ड्रमचा खर्च, हाउसकीपिंगच्या कंत्राटात वर्गीकरणाचे कलम आणि त्याचा रास्त मोबदला, आणि या कामासाठी प्रत्येक इमारतीतून एक असे तीन सदस्य, ज्यांपैकी एक तरी पूर्वी तुमच्याशी भांडलेला असावा, एवढे मागा. आधीचे चार प्रयत्न कोणते होते आणि प्रत्येकातून काय कळले, हेही त्या सभेत सरळ वाचून दाखवा.